सशाच्या वाटेवर सुतळीचे बूट

चंद्रपुरात पाठीवर सॅक असलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "वाघ दिसला का जी?" स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं विचारला, लॉजच्या मॅनेजरनं विचारला, तर्रीपोहे देणाऱ्यानं तर्री वाढता वाढता विचारला. मी ताडोब्याला नाही, गोंड राजांचा परकोट पाहायला आलोय, असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत दया दाटून यायची. सफारीचे पैसे कमी पडले असणार बिचाऱ्याला! निदान अगदी बरोबर होतं, पण म्हणून काय तोंडावर दया दाखवायची?

माझा भाचा सॅक पाठीला लावून घानाच्या किनाऱ्यावरचे किल्ले पाहून आला. त्याच्या विमानतिकिटाचा आकडा ऐकून मी ठरवलं, की किल्ला इथूनतिथून सारखाच. चंद्रपूरला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आहे. चार दरवाजे, पाच खिडक्या आणि भोवती फिरायला तिकीट नाही. मे महिन्यात रेल्वेचं आरक्षणही चटकन मिळालं. का मिळालं, ते उतरल्यावर कळलं. इथे पारा ४५ ला टेकला तर लोक "आज जरा बरं हाय" म्हणतात.

परकोटाची दंतकथा मला फार आवडते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या फोडांनी हैराण झाला होता. झरपट नदीच्या पाण्यानं ते बरे झाले. पुढे इथेच शिकारीला निघाला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. हो, ससा कुत्र्याच्या मागे! ती जोडी ज्या वाटेनं गोल धावली, त्या वाटेवर कोटाचा पाया घातला. मी ठरवलं, सशाच्या त्याच वाटेनं चालायचं. जटपुरा गेटपासून निघालो. दरवाजावर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह कोरलेला आहे. वाघाची चौकशी करणाऱ्यांसाठी उत्तर मिळालं: "सिंह पाहिला."

अंचलेश्वर गेटच्या अलीकडे उजव्या बुटानं 'फट्' असा आवाज केला. खाली पाहतो तर तळ पुढून सुटून जबडा वासून बसलेला. हे बूट डोंगर चढायचे, सेलमधले, अर्ध्या किमतीचे. थोड्या वेळानं डाव्यानं साथ दिली. उन्हानं डिंक पातळ झाला होता. मी 'फटॅक-फटॅक' करत चालू लागलो, तशी पोरं मागे लागली. सशानं कुत्र्याला कसं पळवलं असेल याचा अंदाज आला.

शेवटी सावलीत बसलेला एक चांभार सापडला. त्यानं बूट हातात घेऊन, उलटा करून, वास घेऊन पाहिला.

"हे तं गेलं जी."

"शिवता येईल?"

"शिवू कशाले? पकडाले चामडंच नाही." मग माझ्याकडे निरखून पाहत, "खिशात कांदा ठेवला का?"

"बुटासाठी?"

"उन्हासाठी, भाऊ!"

त्यानं सुतळीनं दोन्ही बूट आडवे-उभे आवळले, पैसे नाकारले ("हे काय काम हाय का!") आणि आपल्या डब्यातला कांदा माझ्या खिशात कोंबला. नाकारलेले पैसे पाहून मला आनंद झाला आणि आनंद झाल्याची लाज वाटली, या क्रमानं.

पाय एव्हाना फोडांनी भरले होते. म्हटलं, राजाचाच उपाय करावा. झरपटीवर गेलो. नदीत सांडपाणी आणि वर जलपर्णी. राजाचे फोड बरे करणारी नदी म्हणून गोष्ट सांगायची आणि तिच्यातच गटारं सोडायची, हा निलाजरेपणा आहे. उलट 'इको-प्रो' संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून परकोटावरची झाडंझुडपं उपसून काढली, म्हणून भिंत दिसते तरी.

जवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची सगळ्यांत देखणी. ती त्याच्या राणीनं, हिराईनं बांधली. महाकालीचं देऊळही तिचंच. नवऱ्याचा खून झाला, आणि त्याच्या मागे तिनं राज्य सांभाळलं. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेल्या घुमटाची जगभर वाहवा होते. हिराईच्या घुमटात दुपारी मी एकटाच होतो. दगड गार होता. पुष्कळ वेळ तिथून उठावंसंच वाटेना.

मग मूल-चामोर्शीच्या रस्त्यानं गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा गाठलं. वैनगंगा इथे उत्तरेला वळते आणि देवळाच्या भिंतींवर शिल्पं इतकी, की पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला खजुराहो आठवलं. मला मात्र फरशी आठवते. सुतळी सोडून बूट काढले आणि अनवाणी प्रदक्षिणेला निघालो. फरशी तव्यासारखी. मी एका पायावर उभा राहून शिल्पं बघतोय, हे बेल विकणाऱ्या म्हातारीनं पाहिलं. ती उठली, तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि म्हणाली, "पोरा, देव कुठी पळून नाही जात. सावलीत बस."

तर जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. समाध्या सकाळी पाहा, मार्कंड्याला अख्खा दिवस द्या आणि साध्या चपला घाला. आणि सफारीचं बुकिंग मिळालं नाही म्हणून चंद्रपूरचा बेत रद्द करू नका.