फळ की फांदी?

आमच्या गल्लीतले एक काका गेल्या आठवड्यात सकाळीच घरी आले. चहा नको म्हणाले. खिशातून चार घड्यांचा कागद काढला, ओट्यावर पसरला आणि त्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, जरा पाहा बरं. साडेबावीस हजार व्याज आलं खात्यात. मंग मुद्दल कायले कमी झालं?"

बोरगावच्या इंडस्ट्रियल एरियात अठ्ठावीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. नोकरी संपल्यावर हाती आलेल्या पैशांतले तीन लाख त्यांनी एका म्युच्युअल फंडात घातले. घालायला लावणारा म्हणाला होता, पुढच्याच महिन्यात वीस टक्के डिव्हिडंड येतोय, आत्ताच घ्या. डिव्हिडंड आला. कागदावर मात्र तीन लाखांच्या जागी दोन लाख पंचाहत्तर हजार.

मला राग आला तो वीस टक्के या शब्दांचा. कोणत्या रकमेचे वीस टक्के, हे काकांना कोणी सांगितलंच नव्हतं.

हिशेब असा. एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवशीचा भाव, २४ रुपये असताना तीन लाखांत त्यांना १२,५०० युनिटं मिळाली. फंडानं युनिटमागे २ रुपये वाटले. युनिटची दर्शनी किंमत १० रुपये. दहाचे वीस टक्के म्हणजे दोन, म्हणून 'वीस टक्के'. पण काकांनी युनिट दहाला घेतलंच नव्हतं, चोवीसला घेतलं होतं. चोवीसवर दोन म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. जाहिरातीत डिव्हिडंड युनिटमागे रुपयांत सांगा, सोबत दर्शनी किंमत आणि एनएव्हीही लिहा, असा फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीचा दंडक आहे. ओट्यावर बसून पटवणारा माणूस जाहिरात थोडीच करतो! तो टक्केच बोलतो.

पण ते सव्वाआठ टक्के तरी काकांची कमाई होती का? नव्हती. दोन रुपये वाटले त्या दिवशी एनएव्ही चोवीसची बावीस झाली. बाजार त्या दिवशी हललाच नाही असं धरलं, तरी होणारच. फंडाच्या पेटीतून पैसे बाहेर काढले की पेटी तेवढी हलकी होते. १२,५०० गुणिले २, म्हणजे २५,००० बाहेर पडले. त्यातून दहा टक्के टीडीएस, २,५००, कापला गेला. उरलेले २२,५०० बँकेत आले. काकांचे तीन लाख तीन आठवड्यांपूर्वी फंडात गेले होते. त्यातलेच पंचवीस हजार करपात्र उत्पन्न होऊन त्यांच्याकडे परत आले. कापलेला कर रिटर्न भरून परत मागता येईल, काकांचं उत्पन्न तेवढं कमी आहे. पण ज्यांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही, त्यांच्यासाठी ते आणखी एक हेलपाट्याचं काम.

मी म्हटलं, "काका, हे व्याज नव्हे. तुमचंच मुद्दल तुमच्या दुसऱ्या खिशात आलं. वाटेत कर कापून."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे संत्री नाही विकली. झाडाची फांदीच तोडून विकली."

मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्णा या संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला याहून नेमकं सांगता येणार नाही. इथं झाडावरची फळं बघून व्यापारी बागेचा सौदा करतो, माल नागपूरच्या कळमन्यात जातो, पैसे घरात येतात, आणि झाड पुढच्या बहारासाठी जागेवर उभं राहतं. ते फळाचे पैसे. फांदी तोडून लाकूड विकलं तरी पैसेच येतात, नोटही तीच असते. पण पुढच्या आंबिया बहाराला त्या फांदीवर फूल येत नाही. बागाईतदाराला दोन्हीतला फरक शिकवावा लागत नाही. फंडाच्या कागदावर मात्र फळ आणि फांदी वर्षानुवर्षं एकाच नावानं लिहिली गेली. ते नाव डिव्हिडंड.

हा शब्द कंपनीच्या शेअरला शोभतो. कंपनी नफा कमावते आणि त्यातला वाटा भागधारकाला देते. फंडाचं तसं नाही. फंडाचा पैसा हा तुमचाच पैसा असतो. सेबीला हे पटलं, म्हणून १ एप्रिल २०२१ पासून 'डिव्हिडंड ऑप्शन' हे नावच काढून टाकलं. नवं नाव आलं: इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉल. मराठीत सांगायचं तर उत्पन्नाचं वाटप आणि त्यासोबत भांडवल काढून घेणं. या नावात सगळं खरं सांगितलं आहे. वाटलेल्या रकमेत वाढीतलं किती आणि भांडवलातलं किती, हे खातेउताऱ्यात वेगवेगळं दाखवा, हाही नियम त्याबरोबरच आला. चांगला नियम आहे. मी त्याचं मनापासून स्वागत करतो.

पण ते नाव पुरतं कोण घेतं? कागदावर उरली चार इंग्रजी अक्षरं: आयडीसीडब्ल्यू. काकांच्या कागदावर तीच होती. आमच्या पट्ट्यात कागद इंग्रजीत येतो, समजावणारा हिंदीत समजावतो आणि घरात बोलणं मराठीत चालतं. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. पण फंडाचा कागद अजून तेवढाच लांब आहे. 'भांडवल काढून घेणं' एवढे तीन शब्द मराठीत छापले असते, तर काकांनी सही करण्याआधी हात थांबवला असता. एवढ्याचसाठी मी हे लिहितोय.

फांदीला फळ म्हणून विकण्याचा या देशातला सगळ्यात मोठा प्रकार यूएस-६४ चा. १९६३ च्या कायद्यानं युनिट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९६४ मध्ये ही योजना आली. दहा रुपयांचं युनिट, मागे सरकार असल्याचा विश्वास. मुंबईच्या गिरणगावापासून तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांपर्यंत लोकांनी ती बँकेच्या ठेवीसारखी सांभाळली. जुलैत युनिट स्वस्त, मग महिन्यागणिक महाग. लोकांना वाटायचं ही वाढ आहे. पण ती किंमत मालमत्ता मोजून निघत नव्हती. ट्रस्ट ठरवायचा तीच किंमत. पेटीत खरोखर किती आहे आणि बाहेर कोणता भाव लावलाय, यांची सांगड सुटली होती. १९९८ मध्ये राखीव निधी शून्याच्याही खाली गेल्याचं उघड झालं, आणि त्याच वर्षी डिव्हिडंड वीस टक्के होता. फांद्या तुटत होत्या आणि लोक पेढे वाटत होते. दीपक पारेख समितीनं सांगितलं, तीन वर्षांत किंमत एनएव्हीला बांधा. तेवढा अवधी मिळालाच नाही. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद झाली. मे महिन्यात ज्या युनिटचा भाव चौदा रुपयांच्या आसपास होता, त्याची खरी एनएव्ही जानेवारी २००२ मध्ये जाहीर झाली तेव्हा ती सहा रुपयांच्याही खाली होती. सरकारला पाच हजार युनिटांपर्यंत बारा रुपयांची आणि त्यावरच्यांना दहा रुपयांची हमी द्यावी लागली. पुढे २००३ मध्ये युनिट ट्रस्टचेच दोन तुकडे झाले.

यूएस-६४ ची किंमत कोणी तरी ठरवलेली होती. आज ती मोजलेली असते. हा फरक फार मोठा आहे, आणि तो सामान्य माणसाच्या बाजूचा आहे. फंडाकडचे शेअर, रोखे, रोकड यांचा त्या दिवशीचा भाव धरायचा, देणी आणि खर्च वजा करायचे, उरेल त्याला एकूण युनिटांनी भागायचं. झाली एनएव्ही. रोज रात्री ती जाहीर होते, फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे ॲम्फीच्या, संकेतस्थळावर कोणालाही फुकट दिसते. त्यात कोणाची मर्जी नाही. गिऱ्हाइकं वाढली म्हणून ती चढत नाही. शेअरचा भाव मागणीवर हलतो, एनएव्ही पेटीतल्या मालावर.

आणि म्हणूनच 'दहा रुपयांत नवा फंड आलाय, स्वस्तात घ्या' हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. दहा एकरांच्या बागेचे हजार हिस्से केले तर हिस्सा स्वस्त, वीस केले तर महाग. बाग तीच, झाडं तीच. दहा रुपये एनएव्हीच्या फंडात दहा हजार घातले तर हजार युनिटं येतात, पाचशेच्या फंडात वीस. दोघांकडे सारखेच शेअर असतील आणि ते बारा टक्के चढले, तर दोन्हीकडे ११,२०० होणार. पाचशेवाल्याकडे निदान मागची काही वर्षं तपासायला असतात. दहावाल्याकडे फक्त माहितीपुस्तिका.

खर्चाचंही कोणी बोलत नाही, कारण तो वेगळा मागितला जात नाही. रोजच्या एनएव्हीतून आधीच वजा झालेला असतो. इक्विटी फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये तो वर्षाला दीड-दोन टक्के सहज असतो. तीन लाखांवर दोन टक्के म्हणजे सहा हजार, रोजचे सोळा रुपये. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. चांगला सल्ला देणाऱ्या मध्यस्थानं त्याचे पैसे जरूर घ्यावेत. पण डिव्हिडंड येतोय म्हणून फंड गळ्यात मारणारा सल्लागार नव्हे. याला मी फसवणूक म्हणतो, आणि सौम्य शब्द वापरणार नाही.

आता यील्ड. शेतकऱ्याला यील्ड म्हणजे उतारा: एकरी एवढे क्विंटल निघाले, वजन केलं, पावती झाली. कर्जरोख्यांच्या फंडाच्या पत्रकात 'वायटीएम (यील्ड टू मॅच्युरिटी) साडेसात टक्के' दिसलं की तोच अर्थ मनात येतो. पण तो निघालेला उतारा नसतो, उभ्या पिकाचा अंदाज असतो. आत्ता फंडाकडे असलेले रोखे मुदतीपर्यंत ठेवले, सगळ्या कर्जदारांनी वेळेवर फेड केली, तर खर्चाआधी एवढा दर पडेल, इतकाच त्याचा अर्थ. मध्ये व्याजदर चढले तर रोख्याचा भाव पडतो. आठ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा शंभर रुपयांचा रोखा घ्या. बाजारात दर नऊ झाला की तो साडेत्र्याण्णवच्या आसपास येतो. कारण नऊ मिळत असताना आठाला शंभर कोण देईल? आणि यील्ड शेजारच्या फंडापेक्षा फार जास्त दिसलं, तर कर्ज कच्च्या माणसाला दिलंय का, हे आधी बघायचं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टननं सहा कर्जरोखे योजना बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी अडकले. कमी पतीच्या कागदांमुळे यील्ड चढं दिसत होतं, आणि करोनाच्या धक्क्यात त्या कागदांना गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे हप्त्याहप्त्यानं पैसे परत मिळाले, हेही सांगायलाच हवं. पण ज्याच्या मुलीचं लग्न त्या वर्षी होतं, त्याला हप्ते पुरले नाहीत.

काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. ओट्यावर उन्हं आली होती. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: पैसे बुडाले का, आणि आता काय करायचं. बुडाले नाहीत, असं मी सांगितलं. दोन लाख पंचाहत्तर हजार फंडात आहेत, साडेबावीस हजार बँकेत, अडीच हजार सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा. ते परत मागायचं रिटर्न मी भरून देईन. दरमहा खर्चाला लागणार असतील, तर वाटप न करणाऱ्या ग्रोथ ऑप्शनमधून ठरावीक रक्कम दर महिन्याला काढता येते. त्यातही युनिटंच विकली जातात, पण किती विकायची ते तुम्ही ठरवता. फांदी तोडायचीच असेल तर कोयता आपल्या हातात असावा.

काकांनी पेन मागितलं. कागदावर जिथं आयडीसीडब्ल्यू छापलं होतं, तिथं बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं: 'मुद्दल'. मग तिथूनच पटवणाऱ्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर सुरू केला.

"तू वीस टक्के म्हणला होता ना? मले टक्के नको सांगू. युनिटमागं रुपये किती, अन् त्यातले माह्या मुदलातले किती, तेवढं सांग."

पलीकडून उत्तर येईपर्यंत काका पेन उघडंच धरून बसले होते.