डेनियरपंत

डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या माणसाला सॅकमधून न्यायचं असतं तरी काय? डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर आणि भरायचा राहून गेलेला एखादा फॉर्म. एवढ्या ऐवजासाठी दुकानात शिरायचं, ‘काळी दाखवा’ म्हणायचं आणि पैसे देऊन बाहेर पडायचं, ही झाली जनरीत. डेनियरपंतांना ती मंजूर नाही. त्यांची सॅक धाग्यापासून सुरू होते.

डेनियरपंत ही जमात आहे. दर ऑफिसात एक तरी सापडतोच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, गृहकर्ज निम्मं फिटलेलं, आणि आयुष्यात ठरवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. लग्न घरच्यांनी ठरवलं, फ्लॅट बँकेने ठरवला, मुलाची शाळा स्कूलबसच्या रूटने ठरवली. स्वतःच्या अखत्यारीत एक सॅक तेवढी राहिली आहे. ती अशी एका संध्याकाळी ठरवून मोकळं व्हायला ते काही खुळे नाहीत.

त्यांच्यासमोर चुकूनही ‘सॅक छान आहे हो’ म्हणू नये. ‘कितीची?’ असं ते विचारतात. आपण किंमत सांगतो. त्यांना डेनियर हवा असतो. मग चहा थंड होईपर्यंत कळतं ते असं : ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. बाजारातल्या साध्या सॅका बहुधा ६०० डेनियर पॉलिएस्टरच्या. म्हणून ४२० चं नायलॉन कमकुवत समजायचं नाही, कारण आकडा वजनाचा आहे, ताकदीचा नाही. ‘माणसांचंही तसंच असतं,’ असं म्हणून ते साहेबांच्या केबिनकडे बघतात.

नायलॉन की पॉलिएस्टर, या प्रश्नावर पंतांचा पक्ष ऋतुमानाप्रमाणे बदलतो. हिवाळ्यात ते नायलॉनवाले : घासलं तरी झिजत नाही, चिवट जात. पावसाळा आला की त्यांना आठवतं, नायलॉन पाणी पितं आणि सैलावतं, मग पॉलिएस्टर. एप्रिल-मेच्या उन्हातही पॉलिएस्टरच जास्त तग धरतं, म्हणून मुक्काम तिथेच. दिवाळीत बोनस हातात पडला की स्वारी पुन्हा नायलॉनमध्ये.

त्यातून बोनस बरा असेल तर गाडी बॅलिस्टिक नायलॉनवर जाते. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या सैनिकांना तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांपासून वाचवणाऱ्या जाकिटांसाठी हे कापड वापरलं गेलं. पंतांचा प्रवास डोंबिवली ते घाटकोपर. ‘तुम्ही कधी ठाण्याला दारात उभे राहिलायत का?’ असं ते विचारतात, आणि तिथे मात्र आपल्याला गप्प बसावं लागतं. एक्स-पॅक नावाच्या कापडाचंही तेच. ते बनवणारी मंडळी मुळात होड्यांच्या शिडांचं कापड करणारी. आता डोंबिवलीच्या स्टेशन रोडवर जुलैत साचणारं पाणी पाहिलं, की हीही खरेदी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

लोकलमध्ये सगळे सॅक पोटावर घेतात, त्यामुळे पंतांना अभ्यासाचं साहित्य नाकासमोर मिळतं. समोरच्याच्या सॅकचं कापड ते बोटांनी हळूच चाचपतात. रिपस्टॉप विणीच्या चौकटी दिसल्या की मोजतात. मग चेनचा रनर उलटा करून त्यावर वायकेके लिहिलंय का, ते वाचतात. परक्याच्या चेनला हात लावून कोणी ‘जपानी आहे’ असं पुटपुटलं, तर डब्यात काय गहजब होतो ते सांगायला नको. रेल्वे पोलिसांनाही डेनियर समजावून सांगण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला आहे.

दुकानदार तर त्यांना लांबून ओळखतात. दादरच्या फुटपाथवरचा ‘साहेब, पॅराशूट मटेरियल!’ असं सगळ्यांना ओरडतो. पंत दिसले की पाणी प्यायला जातो. पंत कापडाला तोंड लावून आरपार फुंकर मारतात, आतून लेप आहे का ते नखाने बघतात, अस्तर फिक्या रंगाचं नसेल तर ‘आत किल्ली कशी सापडायची?’ म्हणून सॅक परत करतात, आणि शेवटी बाटलीतलं पाणी तिच्यावर ओततात. पाणी आत गेलं नाही तर पुढे काय करायचं, हे मात्र त्यांनी ठरवलेलं नसतं. ते नुसते ‘विचार करून सांगतो’ म्हणतात.

‘अहो, वरण सांडायला किती डेनियर लागतं?’ असं वहिनींनी एकदा विचारलं होतं. पंतांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला. लेप आतल्या बाजूला असतो, तेव्हा बाहेरचा पाऊस जसा आत येत नाही, तसं आतलं वरण बाहेर जात नाही, असं त्यांनी समजावून दिलं.

खरं ज्ञान स्टेशनच्या जिन्याखाली बसणाऱ्या चेनवाल्याकडे आहे. ‘साहेब, कापड फाटलं म्हणून माझ्याकडे कोण येतंय? पट्टा शिवणीतून उसवतो, नाहीतर रनर सैल होतो,’ असं म्हणत तो पकडीने रनर दाबतो, चेन सुरळीत बंद करून दाखवतो आणि वीस रुपये घेतो. पंत त्याला आदराने ‘धागा कुठला वापरता?’ विचारतात. ‘पक्का,’ तो सांगतो. या उत्तराने पंत दोन दिवस अस्वस्थ असतात.

अखेर पंतांनी सॅक घेतली. वीस लिटर, काळी, आतून पिवळी. ऑफिसात सगळ्यांनी तिच्यावर पाणी ओतून पाहिलं. जून उजाडला तसे पंत कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात फुकट मिळालेली सॅक लावून यायला लागले. नवी कुठे गेली? ‘या पावसात? खराब होईल ना!’ ती कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी, गुंडाळून ठेवली होती.

काही पावसाळे गेले. एकदा वहिनींनी कपाट आवरायला काढलं, तर सॅकच्या पोटात सगळा चिकटा. दमट हवेत बंद राहून आतला लेप सुटला होता, पापुद्रे पडत होते, वासही येत होता. पंत क्षणभर हळहळले. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘हायड्रोलिसिस! म्हणजे आता नवी बघायला हवी.’

‘अहो, पण ही तुम्ही वापरलीत कधी?’

‘वापरली असती तर खराब नसती का झाली?’ असं म्हणून पंत मोजपट्टी शोधायला लागले.