नंतर आठवण करा

पवनारला विनोबांचा आश्रम शोधत कुठून कुठून माणसं येतात. पण आपल्या घरातला संगणक हुडकत कोणी येईल, हे आमच्या काकाजींना अजिबात पटत नाही. ‘धामच्या काठी कायले मरायले येईन हॅकर?’ म्हणत ते अपडेटच्या चौकटीत ‘नंतर आठवण करा’ दाबतात. चष्मा कपाळावर, एकच बोट, आणि वर्गणीवाल्याला दारातूनच वाटेला लावल्याचं समाधान.

एकदा मी जरा जोर धरला, तर त्यांनी थेट विनोबांनाच साक्षीला बोलावलं. ‘विनोबाजी १९५१ ले इथून पायी निघाले, थे १९६४ ले वापस आले. तेरा वर्षांत एकदा तरी रिस्टार्ट लागलं काय त्याईले?’

यावर काय बोलणार! मी वॉनाक्राय या मालवेअरचा विषय काढला. १२ मे २०१७ पासून त्याने दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांना कुलूप ठोकलं आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. जवळपास दोन महिने ती ताटकळत उभी, आणि जगभरचे काकाजी ‘नंतर’ म्हणतायत. कोणी कुठे टिचकी मारायचीही गरज नव्हती; एक यंत्र हाती लागलं की पुढची उघडी यंत्रं तो स्वतःच शोधायचा. गाव कुठलं, हे विचारत नसे.

काकाजी पेपर नीट वाचतात, हीच पंचाईत. ‘अन् थो न्हावाशेवाचा?’ २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या दुसऱ्या मालवेअरने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं, आणि त्याची सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ‘पाय! अपडेटनंच घात केला ना!’ मुद्दा खरा होता, म्हणून जास्तच झोंबला. पण आत शिरल्यावर एका यंत्रातून दुसऱ्यात जायला त्याने मार्चमधलं तेच भोकही वापरलं, हे मी सांगेस्तोवर काकाजी चहाला उठले होते.

मग एक दिवस चौकटीतला मजकूरच बदलला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर वर्षभराची मुदतवाढ. नाहीतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद, आणि पुढे सापडेल ते भोक उघडंच. काकाजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सूचना दोनदा वाचली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूंना हाक मारली.

‘अवं, आयकलं काय? थकले लेकाचे शेवटी!’