आता अलिप्त कशापासून?
18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतल्या बार असोसिएशनांचा 40 वर्षांहून जुना, हक्काचा विषयच संपला. मागणी रास्त होती. सिंधुदुर्गातल्या पक्षकाराने एकेका तारखेसाठी मुंबई किती वेळा गाठायची? पण लढ्याची एक सोयही होती. सकाळी 'कामकाजापासून अलिप्त राहण्याचा' ठराव झाला की दुपार मोकळी. संप म्हणायचे नाही हं! वकिलांना संपाचा अधिकार नाही, बहिष्काराचाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच हरीश उप्पल खटल्यात बजावले आहे. अलिप्ततेबद्दल निकालात काही नाही, असा आमच्या विधिज्ञांचा युक्तिवाद असावा.

आता उरले नित्याचे: नव्या साहेबांचे स्वागत, जुन्यांचा निरोप, शाल-श्रीफळ, क्रिकेटचे सामने. आणि निवडणूक. त्या पंधरवड्यात एरवी मान वर न करणारे ज्येष्ठ वकीलही ज्युनिअरला थांबवून 'चहा घेतलास का रे?' विचारतात, स्टायपेंडचे मात्र निकालानंतर बघू. दोन्ही पॅनेलांची वचने तीच, बार रूमला एसी आणि ग्रंथालयाला नवी पुस्तके. एसी येतो. व्हरांड्यात पक्षकारांसाठी बाकडी टाकू, असे कोणी म्हणत नाही. त्यांना मत कुठे असते?