वानगी फुकट, माल विकत

खाण्याचा पदार्थ आधी डोळ्यांना विकायचा असतो. जिभेची पाळी नंतर येते आणि पोटाची तर पैसे मोजून झाल्यावर. शहादा-धडगाव रस्त्यावरच्या म्हसावदच्या बाजारात हे शास्त्र कुठल्याही पदवीवाचून पाळले जाते. लालबुंद, टणक टोमॅटो राशीच्या दर्शनी बाजूला बसतात. मऊ पडलेले मागे, विक्रेत्याच्या हाताशी. कलिंगडाच्या फोडींवर लाल ताडपत्री हवी, कारण निळ्या ताडपत्रीखाली तेच फळ आजारी दिसते. भेंडीवर पाणी मारले की ती ताजी दिसते आणि वजनालाही थोडी मदत होते.

रंगाचे मोल नंदुरबार जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. इथले व्यापारी ओली लाल मिरची घेतात आणि पथारीवर वाळवतात. अवकाळी पाऊस आला, मिरची फटकी पडली, की तिखटपणाची चौकशी न करता भाव उतरतो. धडगावकडच्या आमचुराचेही तेच. पांढरीशुभ्र फोड चढ्या भावाने जाते, काळवंडलेली पडेल भावाने. आंबटपणा कोणी विचारत नाही. रंगालाच एवढा भाव म्हटल्यावर तो निसर्गावर सोपवून चालत नाही. मेण आणि बुटाच्या पॉलिशला वापरायचा सुदान-1 हा रंग मिरचीपुडीत सापडला आणि 2005 मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांतून शेकडो तयार पदार्थ मागे घ्यावे लागले. पुडी दिसत मात्र सुरेख होती.

या विक्रीशास्त्राची दुसरी शाखा फुकट चवीची. 1937 मध्ये डालडा हे वनस्पती तूप आले तेव्हा तुपावर वाढलेल्या घरांना ते पटेना. मग डब्याच्याच आकाराची गाडी रस्तोरस्ती फिरली, ठिकठिकाणी टेबले मांडून लोकांना वास आणि चव दिली गेली. त्याच सुमारास इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाची माणसे चहा करून दाखवत आणि पाजत हिंडत होती. रेल्वे स्टेशनांवर रंगीत फलक लागले होते. पुढे तो कप फुकट मिळेनासा झाला. गरजच उरली नाही.

या शाखेचा खरा आधार चव नव्हे, भीड. दुकानदाराने पुढे केलेला पेढ्याचा तुकडा तोंडात टाकल्यावर रिकाम्या हाताने पायरी उतरणे जड जाते. गिऱ्हाईक पाव किलो घेऊन सुटका करून घेते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी परतफेडीच्या या ओझ्यावर 1984 च्या पुस्तकात एक प्रकरण लिहिले. हलवायांना ते आधीपासून तोंडपाठ होते. चाखायला दिलेला पेढा आजचा आणि खोक्यातला परवाचा निघाला, तर 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 17 गिऱ्हाइकाच्या बाजूने उभे राहते: नमुन्यावर सौदा ठरला असेल तर सगळा माल नमुन्याच्या प्रतीचा हवा आणि तो ताडून पाहायला वाजवी संधी मिळायला हवी. पेढ्यासाठी कोर्टाची पायरी चढणारा सहसा आढळत नाही.

गिऱ्हाइकाने आपल्या हाताने उचललेल्या नमुन्याबद्दल मात्र हे कलम काही बोलत नाही आणि भीडही इथे गैरहजर असते. सातपुड्यातून टोपली घेऊन उतरलेल्या बाईसमोर उकिडवे बसायचे, “कशा दिल्या शेंगा?” म्हणता म्हणता चार फोडायच्या, “ओल्या वाटतात” असा शेरा मारायचा आणि टरफले तिच्याच टोपलीत टाकून पुढच्या टोपलीकडे वळायचे. काचेच्या दुकानात ज्याला विक्रीकला म्हणतात, त्याला टोपलीजवळ नावच नाही. ही रीतही जुनी. व्यापारी मोठमोठ्या वानग्या उचलतात आणि सौदा मोडला तरी शेतकऱ्याला त्यांचे पैसे मिळत नाहीत, अशी नोंद शेतीविषयक रॉयल कमिशनच्या 1928 च्या अहवालात आहे. असल्या प्रकारांवर नजर ठेवायला पुढे बाजार समित्या आल्या. टोपलीला समिती नाही. तेव्हा शेंगा फोडल्याच असतील तर निदान पावशेर घ्याव्यात, आणि घ्यायच्या नसतील तर टरफले तरी आपल्या खिशात घालावीत.