मुहूर्त आणि महामार्ग

अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरला असता वऱ्हाड मुहूर्तावर पोचू शकले नाही, लग्न राहिले आणि वऱ्हाडी जागच्या जागी पाषाण होऊन बसले, अशी आख्यायिका आमच्या भागात सांगतात. उभय स्थळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. एवढ्याशा अंतरासाठी त्या काळी सहापदरी मार्ग उपलब्ध नव्हता, ही गोष्ट आमच्या दळणवळणतज्ज्ञांच्या जिव्हारी लागली असावी. कारण पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत बारा जिल्ह्यांतून जाणारा, 802 किलोमीटर लांबीचा आणि आमच्या परळी-अंबाजोगाईच्या काळ्या शिवारातूनही वाट काढणारा शक्तिपीठ महामार्ग जेव्हा जाहीर झाला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ पुढे आलेल्या कारणांत देवस्थानांच्या भेटीगाठी अग्रस्थानी होत्या. नागपूर-गोवा हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, असेही आश्वासन मिळाले. देवीला जायचे होते ते परळीला, गोव्याला नव्हे, ही किरकोळ बाब कोणाच्या ध्यानात आली नाही.

नवा रस्ता काढण्यापूर्वी त्याचे पर्याय तोलून पाहावेत, असे नियोजनशास्त्र सांगते, आणि आमचे सरकारदरबार शास्त्राबाहेर पाऊल टाकीत नाही. फरक इतकाच, की ज्याप्रमाणे साखरपुडा उरकल्यावर लोकलज्जेस्तव आणखी दोन स्थळे पाहून यावीत, एकाची उंची कमी भरावी आणि दुसऱ्याची पत्रिका जुळू नये, त्याप्रमाणे नकाशावर एक रेघ तलावातून, दुसरी भर वस्तीतून ओढली जाते आणि तिसरी, जी आधीच ठरलेली असते, ती तुलनेने निर्दोष असल्याचा निर्वाळा अहवालात नोंदवला जातो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने, दुसऱ्या जागेचा विचार झाला होता काय, असा आडवा प्रश्न विचारण्याची तरतूद केली होती खरी. परंतु 2024 साली या मार्गाच्या अधिसूचना निघाल्या त्या 1955 च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखाली. प्रश्नपत्रिका अवघड दिसली की परीक्षाच दुसरी द्यावी, हे चातुर्य आमच्या मुलांना अद्याप साधलेले नाही.

वास्तविक पर्याय दडून बसलेले नाहीत. नागपूरहून यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर असा कोल्हापूर-रत्नागिरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यातून वाहतो, आणि विरोध करणारे शेतकरी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच बोट दाखवीत आहेत. त्याला जोडरस्ते द्यावेत, गावोगावच्या एसटीच्या फेऱ्या वाढवाव्यात, असल्या सूचनांत अडचण एकच : त्यांच्या भूमिपूजनाला मांडव शोभत नाही. शिवाय खर्चाचा आकडा लहान पडतो. नव्या मार्गाचा अंदाज होता 86,300 कोटींचा, म्हणजे किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने आखणी आणि जमिनीसाठीच 20,787 कोटींची तरतूद मान्य केली. आता हा वेग पाहा आणि आमची रेल्वे आठवा. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरांचा लोहमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि बीडच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. जिल्ह्यातल्याच परळीला निजामाच्या अमलातच आगगाडी लाभली होती; जिल्ह्याच्या ठाण्याने मात्र मुक्तीनंतरही पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तिची वाट पाहिली. एकाच प्रांतात तीस वर्षे पुरणारी सबुरी आणि एका बैठकीत उरकणारी निकड सुखाने नांदावी, याला राज्यकारभाराचे कौशल्यच म्हटले पाहिजे.

आखणी बदलता येतच नाही, असेही नाही. कोल्हापूरकरांनी या मार्गाविरुद्ध दंड थोपटले आणि विधानसभेची निवडणूक समोर उभी राहिली, तेव्हा ऑक्टोबर 2024 मध्ये त्या जिल्ह्यापुरते भूसंपादन रद्द झाले. पर्यायाचा विचार करण्यास कोणता ऋतू अनुकूल असतो, हे यावरून जिज्ञासूंनी ताडावे.

एका पारावर या मार्गाची चर्चा चालली होती. गुडघ्यावर सातबाराची घडी पसरून बसलेले एक म्हातारबाबा बराच वेळ ऐकत होते. घडीवर कडुनिंबाची पाने पडत, ती ते बोटाने झटकीत. शेवटी म्हणाले, "रस्ता आमच्या वावरातून जातूय ते समजलं. पर त्याच्यावर चढायचं कुठून?" मंडळी गप्प झाली. याच धर्तीच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला मज्जाव आहे, प्रवेश आहे तो नेमून दिलेल्या ठिकाणीच. आणि आमच्या म्हातारबाबांच्या घरी वाहन म्हणाल तर पोराची फटफटी आहे. दिवाळी सरली की याच जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बायकापोरांसह, भांड्याकुंड्यांसह ट्रक-ट्रॅक्टरांत बसून पश्चिमेच्या कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या अठरा तासांचे आठ करावेत, असे अजून कोणाच्या स्वप्नात आलेले नाही.

मायबाप सरकारला आमची विनंती लहानशी आहे. जुना महामार्ग, एसटी, रेल्वे आणि नवा रस्ता यांची तुलना कोणी, कधी, कोणत्या हिशेबाने केली, तो कागद साध्या मराठीत प्रत्येक बाधित गावच्या चावडीवर लावावा, आणि गावकऱ्यांचे वाचून होईपर्यंत मोजणीदारांनी आपली जरीब गुंडाळून ठेवावी.