छत्तीस गुणांचं चाक

प्राचीन माणसाने चाकाचा शोध लावला याचं आपण फार कौतुक करतो. त्याला ते चाक निदान कुठल्या बॅटरीशी जुळवायचं नव्हतं.

आमच्या इलेक्ट्रिक सायकलचं दुखणं तसं किरकोळ. मागच्या रीमला आऱ्याच्या भोकापाशी तडा गेलेला. साधी सायकल असती तर कोपऱ्यावरच्या मामांनी नवी रीम चढवून, औट काढून संध्याकाळपर्यंत हातात दिली असती. पण या चाकाच्या पोटात मोटर. मामांनी एक्सलमधून बाहेर आलेली केबल बघितली, हात पुसले आणि म्हणाले, "हे वायरमनचं काम." वायरमन म्हणाला, "यात आरे आहेत. सायकलवाल्याकडे जा."

मग स्वतःच मापं घ्यायला बसलो. टायरवर २६ लिहिलंय म्हणून २६ ची रीम मागावी, तर या नावाने निदान पाच मापं नांदतात. टायर रीमवर बसतो तिथला व्यास कुणाचा ५५९ मिलिमीटर, कुणाचा ५७१, मग ५८४, ५९०, ५९७. खरे २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर, ते यातलं कुणीच भरत नाही. कारण आकडा मुळात हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, तोही कुठल्यातरी जुन्या टायरच्या. उलट '२९' आणि '७०० सी' दोन वेगळ्या नावांनी हिंडतात आणि दोघांची रीम एकच, ६२२ ची. बाबा म्हणाले, "माळ्यावर माझ्या सायकलचं २८ चं चाक आहे, ते लाव." ते निघालं ६३५ चं. बाबांच्या पिढीचं कशाशीच जुळत नाही.

आमचं ५५९ ठरलं, तेव्हा खरी पत्रिका उघडली. रीमला भोकं ३६, मोटरला भोकं ३६, बॅटरी ३६ व्होल्टची. एवढ्यावर आमच्या आत्याने अक्षता वाटल्या असत्या. पण मंगळ निघाला आऱ्यांत. मोटर असते चांगली जाडजूड, त्यामुळे आरे आखूड लागतात आणि रीमकडे तिरके जातात. साध्या चाकासारखे ते एकमेकांवरून तीनदा ओलांडले तर भोकापाशी वाकतात आणि तुटतात. इथे एकदाच ओलांडायचे. शिवाय जाड आरा म्हणजे मजबूत चाक, हाही गैरसमज. साध्या रीमवर जाड आरे ताणले तर भोकापाशी पुन्हा तडा.

एका दुकानदाराकडे या सगळ्यावर एकच औषध होतं. "सर, हजार वॅटचं आख्खं चाकच घ्या. उडेल." जुन्याच कंट्रोलरवर ते अजिबात उडणार नव्हतं, मोटरला करंट किती द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो, मोटरवरचं स्टिकर नव्हे. कंट्रोलरही मोठा घ्यावा, तर बॅटरीचा जीव तेवढा नाही. आणि २५० वॅट व ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे तोवरच सरकार सायकलला मोटारवाहन समजत नाही. पुढे गेलं की नोंदणी, विमा, परवाना. त्यातून एवढ्या जोराने एक्सलच फ्रेमच्या खाचेत गिरकी घ्यायला बघतो. म्हणजे चाक जागेवर, एक्सल फिरतोय आणि केबलचा पीळ होतोय. उडण्याची ही तऱ्हा मला नको होती.

म्हणून मोटर जुनीच, रीम नवी, दुहेरी भिंतीची. नाना पेठेत एक म्हातारे कारागीर भेटले. मोटरबद्दल मी बरंच काही सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "आमच्यासाठी हा फक्त जाड हब. आऱ्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगा, बाकी वीज तुमच्याकडे ठेवा." चाक विणून झालं, औट काढला, फिरवून दाखवलं. केसभरही डुलत नव्हतं.

"किती द्यायचे?"

"मजुरी साध्या चाकाचीच," ते म्हणाले. "मोटर उचलून कंबर गेली, तिचे वेगळे."